आधी पाळी की आधी वाढदिवस

आम्ही काही जण दर रविवारी यवतच्या एका हॉटेलात बसून, कालव्याच्या पाण्याची पाळी शेतकऱ्यांना कळवणारं ॲप फुकटात बनवतो. त्यात कारेगावहून येणारे हे गृहस्थ. बोलण्याआधी लॅपटॉपचा पडदा शर्टाच्या टोकानं पुसतात आणि वाद कधी म्हणजे कधी घालत नाहीत. संताप त्याचाच येतो!

“जुन्या फोनवर पाळीचा अलर्ट वाजत नाही. आधी ते करू,” मी म्हणालो.

“व्हय व्हय, आधी तेच.”

“तुमच्या त्या वाढदिवसाच्या शुभेच्छा नंतर.”

“व्हय की. तुमचं बराबर हाय.”

पुढच्या अपडेटमध्ये शुभेच्छाच आल्या, सनईसकट. अहो, पटत नसेल तर तोंडावर भांडा ना! इथं मान डोलवायची आणि घरी जाऊन आपलंच खरं करायचं, ही कसली रीत?

एक जूनला, म्हणजे गुरुजींनी शाळेत अर्ध्या गावाला लावून दिलेल्या जन्मतारखेला, माझ्या चुलत्यांची, आप्पांची पाळी होती. पहाटे रानाकडच्या चारीला, म्हणजे छोट्या पाटाला, पाणी आलं. त्यांचा जुना फोन गप्प. वळवून घ्यायला कुणी नाही म्हणून ते पुढच्याच्या रानात गेलं.

ऊन चढल्यावर त्याच जुन्या फोनवर सनई खणखणीत वाजली. कोरड्या उसात उभे असलेले आप्पा खुशीत म्हणाले, “आलं बघ पाणी.”