हललेला फोटो

सिरक्यातला कांदा ताटात आला की मला डार्करूम आठवते. तिथल्या रसायनाला असाच आंबट वास यायचा.

ऐंशीच्या आसपास मी लखनऊत नवा होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे प्रत्येक गोष्ट पुस्तकात लिहिल्याप्रमाणे करायची, अशी माझी समजूत. छावणीजवळच्या एका लहान रेस्टॉरंटात रविवारी दुपारी बँड वाजायचा. त्यातल्या गायकाला, रॉबिनला, मुंबईच्या एका हॉटेलात नोकरी हवी होती आणि अर्जासोबत गातानाचा फोटो पाठवायचा होता. मी कॉलेजचा कॅमेरा घेऊन गेलो.

उजेड कमी होता आणि रॉबिन एका जागी ठरेना. "फोटो हिल जाएगी," मी दोनदा चाचरत म्हणालो.

"अच्छा साहब, लीजिए," म्हणत तो अख्खं कडवं पुतळ्यासारखा उभा राहून गायला.

"अमाँ यार, साँस तो लेते रहो," मागून ड्रमवाला म्हणाला.

पुढच्या रविवारी मी त्याला दोन फोटो दिले. एकात त्याचे केस, हात, माइक सगळं एकमेकांत मिसळलं होतं. दुसऱ्यात शर्टाची बटणंसुद्धा स्पष्ट होती, पण चेहरा ओळखपत्रावरच्यासारखा. पहिला त्याने बराच वेळ हातात धरला.

"ये वाली भेजूँ, यार?"

"वो खराब है. दूसरी साफ है."

त्याने माझं ऐकलं. हॉटेलकडून बोलावणं आलं नाही. फोटोमुळेच, असं मी म्हणू शकत नाही. पण कोणता पाठवायचा हे त्याला माहीत होतं. माझ्याकडून त्याला फक्त होकार हवा होता.