राजुरीत आल्या कामधंद्याच्या मॅडम

हिवाळ्यात सुट्टी काढून लोक गोव्याला जातात. मी जुन्नर-आंबेगावच्या डॉक्टरांना ऑक्युपेशनल थेरपी समजावून सांगायला निघाले. "तुझी हौस दांडगी!" नवरा म्हणाला. हौस कसली, वैताग होता. त्या भागातले पेशंट पुण्यात माझ्याकडे पोचायचे तोवर फार उशीर झालेला असायचा, कारण डॉक्टर त्यांना पाठवायचेच नाहीत. ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची.

शिवाजीनगरहून नाशिककडची एसटी पकडा आणि थंडीत जात असाल तर उजवीकडची खिडकी गाठा, सकाळचं ऊन मिळतं. खेडच्या घाटात ट्रकमागे अडकलात तर चिडू नका, शेंगा खा. मी पहिल्यांदा कळंबला उतरले. तिथल्या डॉक्टरांना मी आमच्या विषयाचं मराठी नाव सांगितलं, 'व्यवसायोपचार'.

"म्हणजे दवाखाना चालत नसेल तर त्यावरचा इलाज का हो?" ते हसले. मग म्हणाले, "फिजिओच की!"

"फिजिओ हातात ताकद आणतात, तो हलता करतात. त्या हातानं माणसाला काय करायचंय, ते मी बघते."

"हां, म्हणजे फिजिओच."

चहा मात्र फक्कड होता.

मुक्काम नारायणगावला. लॉजवर गरम पाणी बादलीनं मिळतं, आदल्या रात्रीच सांगून ठेवा. सकाळी मिसळ खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढणारी आणि खिशाला अगदी हलकी. आळेफाट्याहून राजुरीला जीप जाते. ती भरली असं आपल्याला वाटतं, ड्रायव्हरला कधीच वाटत नाही.

राजुरीच्या डॉक्टरांशी आधी फोनवर बोलणं झालं होतं. दवाखान्याच्या बाकावर नामदेवभाऊ आणि त्यांच्या मालकीणबाई बसल्या होत्या. कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये भाऊंच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी गेली होती. जखम भरून आली होती. मला बघताच वहिनी उठल्या.

"कामधंदा लावून देनाऱ्या मॅडम तुमीच ना? यांला बसून करायचं कायतरी बघा. गाईला गिऱ्हाईक यायचंय सांच्याला."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "मीच बोलावलं त्यांना," ते खुशीत म्हणाले. "व्यवसायोपचार म्हणालात ना तुम्ही? माझ्याकडचं सगळं झालंय, मूठ छान वळते. आता नवा व्यवसाय तेवढा द्या!"

अरे देवा! आमच्या विषयाच्या नावापायी एका घरातली गाय चालली होती.

"गाय का विकताय, भाऊ?"

"धार निघत न्हाई, ताई. डाक्टरांनी दिल्याला बॉल दाबून दाबून पार चेमटला, पन दूध काय येत न्हाई. अन् हिला ती जवळ येऊ देत न्हाई, लाथ झाडती. माझ्याच हातची हाय ती. कालवड व्हती तवापासनं..."

मी एक रबरी हातमोजा मागितला. त्यात पाणी भरलं, एका बोटाच्या टोकाला सुई टोचली आणि मोजा सलाईनच्या स्टँडला बांधला. "काढा धार."

भाऊंनी मूठ आवळली. पाणी खाली यायच्या ऐवजी वर मोज्यात पळालं. वरून दाबून धरायला अर्धी तर्जनी पुरतच नव्हती ना! मग अंगठा आणि मधलं बोट यांनी वरची बाजू बंद करायची आणि उरलेली दोन बोटं एकामागून एक मिटायची, असं शिकवलं. बराच वेळ नुसती टिपं गळत होती. एकदा पिचकारी थेट डॉक्टरांच्या पँटवर गेली, तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

पण मोजा म्हणजे गाय नव्हे. संध्याकाळी आम्ही सगळेच गोठ्यात गेलो, डॉक्टरसुद्धा. वासरू पाजून बाजूला बांधलं आणि भाऊ खाली बसले. पहिली धार शेणात गेली, दुसरी मनगटावर. मला घाम फुटला होता. मग बादलीच्या तळावर चर्रर्र असा आवाज आला. गाय शांत रवंथ करत होती. दोन सड काढून होईतो भाऊंचा हात भरून आला, तेव्हा मीच थांबवलं. रोज थोडं वाढवायचं असं ठरलं आणि उरलेल्या दुधाला वासरू सोडलं.

तेवढ्यात गिऱ्हाईक मोटारसायकलवरून आलं. "काय ठरलं मग, नामदेवराव?"

भाऊंनी मानसुद्धा वळवली नाही. "च्या घिऊन जा राव. गाय नाय द्यायची."

वहिनी चुलीकडे गेल्या त्या डोळे पुसतच.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्री केली. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते, लाजू नका. वर गणपतीसमोर बसले आणि कितीतरी दिवसांनी मला कसलाच वैताग आला नाही.

पुण्यात परतल्यावर नवऱ्यानं विचारलं, "समजलं का डॉक्टरांना?" मी म्हटलं, कळंबच्यांना नाही, राजुरीच्यांचं सांगता येत नाही. खरंच सांगता येत नव्हतं.

महिनाभरानं त्यांचा फोन आला. "मॅडम, एक आजी पाठवतोय. अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू."

"हाताची हालचाल किती आहे?" मी सवयीनं विचारलं.

"ते सांगतो नंतर," डॉक्टर म्हणाले. "आधी ऐका, त्यांना नातीची वेणी घालायचीय."