उजव्या हाताचा पासवर्ड

१२ मे १९९९, बुधवार. काम एकच: संध्याकाळी पाचच्या आत पुण्याला एक ई-मेल पाठवायची.

मी तेव्हा सांगलीतल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात होते. कॉलेजला सुट्टी लागली होती, आम्हाला नव्हती. साडेदहाला जतकडची एक मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. भौतिकशास्त्राची, शेवटच्या वर्षाची. घरी मेंढरं, वडील कळपाबरोबर फिरतीवर. तिनं पुण्याच्या एका संस्थेत एम.एस्सी.साठी अर्ज केला होता आणि मुलाखतीचं पत्र आदल्या संध्याकाळी गावी पोचलं होतं. येणार असल्याचं बारा तारखेला पाचपर्यंत ई-मेलनं कळवा, नाहीतर नाव यादीतून काढू, असं त्यात होतं. फोन नंबर दिलेला नव्हता.

"जागा मिळाली तर जा, न्हाई तर शिक्षान बास, असं ठरलंय घरात," ती म्हणाली. रडली नाही, ते मला बरं वाटलं.

इंटरनेट असलेला आमचा एकमेव कॉम्प्युटर भौतिकशास्त्राच्या खोलीत होता. त्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. ते बसवणारे प्राध्यापक मेव्हणीच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते. जाताना मला एक चिठ्ठी देऊन गेले होते: आत जायचं नाव, पासवर्ड, आणि पुढं काय टाइप केलं की इंटरनेटचा फोन लागतो ते. पासवर्ड म्हणजे एक छोटा इंग्रजी शब्द आणि त्यापुढं सहा आकडे.

काळ्या पडद्यावर नाव टाकलं, ते दिसलं. पासवर्ड टाकला, तो दिसला नाही. तो दाखवायचाच नाही अशी तिथली रीत. साधं टिंबही उमटत नाही. चूक आहे, असं उत्तर आलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. अक्षरं सगळी मोठी करून पाहिली, मग पहिलंच मोठं. चिठ्ठीतला एक हा सात असेल म्हणून तसंही केलं. बंद करून चालू केलं. शिपाई दारात उभा राहून बघत होता.

"आवं मॅडम, ह्येची पूजा न्हाई घातली कुनी. रुसलंय त्ये."

"तू ऑफिसात जा आणि साताऱ्याच्या मंगल कार्यालयाचा नंबर प्राध्यापकांच्या घरून मागवून घे," मी म्हटलं.

नंबर मिळाला, फोन लागला, आणि बऱ्याच वेळानं प्राध्यापक आले. मागं बँड वाजत होता. मी एकेक अक्षर ओरडून वाचलं, त्यांनी एकेक अक्षर ओरडून बरोबर म्हटलं.

"चिठ्ठी बरोबर आहे मॅडम, टाकताना तुमचंच काहीतरी चुकतंय."

"पंधरा वर्षं मार्क भरतेय मी. माझं आकड्यांत चुकत नाही."

"बरं, ठेवतो. वरात दारात आलीय."

मी परत जाऊन बसले. साडेतीन वाजले. मुलगी मागच्या स्टुलावर पत्राची घडी धरून बसली होती.

"मॅडम, मी बघू का टाकून?"

"टायपिंग येतं तुला?"

"न्हाई."

मी उठले, कारण माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. तिनं चिठ्ठी समोर धरली आणि एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधत, आकडे मोजत टाकायला सुरुवात केली. बघवत नव्हतं. शेवटचं बटण दाबलं आणि ती आत गेली.

बोलायला वेळ नव्हता. शिपायाला ऑफिसातल्या फोनपाशी बसवलं, कारण लाइन तीच होती आणि कुणी उचलला असता तर सगळं तुटलं असतं. मोडेम किंचाळला, लागला. तिनं मजकूर सांगितला, मी टाइप केला. चार वाजून दहा मिनिटांनी मेल गेली.

"तुझं लागलं आणि माझं का नाही?" मी विचारलं.

"तुमी आकडं तिकडनं मारताय, बाजूच्या बटनांवरनं. मी वरनं मारलं. मला तिकडचं म्हाईतच न्हाई."

ती बसला गेली. कारण पक्कं झाल्याशिवाय मी कुलूप लावणार नव्हते. कॉम्प्युटरमधून बाहेर पडले आणि पुन्हा आत जाताना पासवर्डाच्या जागी नाही, तर नावाच्या जागी, जिथं टाकलेलं दिसतं तिथं, माझ्या सवयीनं उजव्या हातानं ते सहा आकडे मारले. पडद्यावर एकही आकडा नाही. नुसते कंस आणि भलतीच अक्षरं. कीबोर्डच्या कोपऱ्यातला आकड्यांचा हिरवा दिवा विझलेला होता; तो लागल्याशिवाय बाजूची बटणं आकडे टाकत नाहीत. आमच्या विभागातल्या मशीनवर तो चालू करताच आपोआप लागतो, इथं बटण दाबून लावावा लागत होता. इतक्या दिवसांत मी त्या दिव्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खोली उघडली. आधी दिवा लावला, मग उजव्या हातानं पासवर्ड टाकला. पहिल्या फटक्यात आत. पुण्याचं उत्तर आलेलं होतं: सोमवारी अकराला या, मूळ कागद आणा. साताऱ्याला फोन करून प्राध्यापकांना सांगितलं की चूक माझी होती. मग निरोप कागदावर उतरवला, पाकिटात घातला आणि रिक्षानं स्टँडवर गेले. तिच्या गावात फोन नव्हता, पण चुलत्याचं जतच्या स्टँडसमोर सायकलचं दुकान होतं.

"आजच पोचलं पाहिजे," मी जतच्या कंडक्टरला म्हटलं.

"उतरल्या उतरल्या देतो की, ताई. वळखीचा हाय त्यो सायकलवाला." त्यानं पाकीट तिकिटांच्या पेटीत ठेवलं आणि घंटी मारली.