फीड रॉडच्या कमरेत लचक

आमच्या वर्कशॉपात झाडू मारला की दोन टोपली लोखंडाचा बुरादा निघतो, अन् झाडू मारणारा गप्पांना बसला की तीन टोपली किस्से! त्यातले वामनकाकांच्या लेथचे, म्हणजे लोखंड फिरवून तासायच्या मशीनचे, तेवढे सांगतो. थोडं वाढवून सांगेन, पण थोडंच.

*

आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं, रस्ता रुंद झाला अन् आमचं वर्कशॉप शहराबाहेर बीरगावला हललं. लेथ उचलायचा मुहूर्त दहा चाळीसचा. क्रेन आली दहा अडतीसला! मालक बबनभाऊंनी घाईघाईत स्वतःच पट्टा बांधला, तो नेमका फीड रॉडवरून. म्हणजे लेथच्या समोरून जाणारा लांब गज. तो फिरला की कापायचं हत्यार आपोआप जॉबवरून, म्हणजे तासायच्या लोखंडावरून, सरकतं.

क्रेननं उचललं अन् रॉड वाकला. बबनभाऊ हातातला नारळ फोडून ओरडले, "मुहूर्त साधला!"

*

नव्या शेडमधला पहिला जॉब सिलतऱ्याच्या कारखान्याचा शाफ्ट. हत्यार झटके खात चाललं अन् गुळगुळीत शाफ्टवर वळ्याच वळ्या!

"काका, शाफ्ट मागितला होता. हे चकली काहून केली?" बबनभाऊंनी विचारलं.

वामनकाका आमचे जुने टर्नर. शांतपणे म्हणाले, "तुमचा मुहूर्तच चकलीचा असन, भाऊ."

बबनभाऊ भडकले. "शनिवारपर्यंत रॉड सरळ नाही झाला, तर ही लेथ भंगारात! थेट भट्टीत!"

काकांनी लेथवर हात ठेवला. जवानीपासून याच लेथवर उभे होते ते. "मंग मले बी तिच्यासंगं टाका," एवढंच बोलले.

*

रॉड दाबून सरळ करायचा प्रेस होता उरल्यात. काका अन् मी रॉड घेऊन ऑटोत बसलो. दोन्हीकडून हातभर बाहेर! चौकात हवालदारानं शिट्टी मारली.

"ये क्या है?"

"मरीज है साहब. कमर में लचक आ गई," काका म्हणाले.

हवालदारानं एक डोळा मिटून रॉड पाहिला, मान हलवली अन् चारी बाजूंची ट्रॅफिक थांबवली. अँब्युलन्सला नसेल मिळत एवढा रस्ता मिळाला आम्हाला! शप्पथ!

*

रॉड दोन ठोकळ्यांवर ठेवला. काका तो फिरवत, वाक दाखवणाऱ्या डायलची सुई पाहत, उंच जागी खडूची खूण करत. मग प्रेसनं जरासा दाब. सोडला की रॉड पुन्हा थोडा वर! पुन्हा दाब. तीन तास! काकांनी पंखासुद्धा बंद करवला.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

"बाहेर ने तो! सुई घाबरून राहिली!" काका ओरडले.

*

शनिवारी रॉड बसवून शेवटचा नट आवळतो न आवळतो, तोच भंगारवाल्याची क्रेन दारात! बबनभाऊंनी आधीच बोलावून ठेवलेली. ड्रायव्हरनं हुक खाली सोडला. कट्ट! हुकाची पिन तुटली.

तो आत आला. "कका, एक ठन पिन बना दे न. तभे त तोर मशीन ला उठाहूं."

मी कुजबुजलो, "काका, नाही म्हणा! पिन झाली की हाच तुमची मशीन उचलून नेईल."

"दारात आलेल्या जॉबले नाही म्हणत नसतेत, बाबू."

त्यांनी चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, लोखंड आवळलं, मशीन सुरू केली अन् फीड चालू करायचा दांडा खाली ओढला. हत्यार सरकलं. ना झटका, ना वळी! पिन अशी चमकली की बबनभाऊंनी त्यात मिशा नीट केल्या.

ड्रायव्हरनं पिन बसवली. हुक दोनदा वर-खाली केला. मग क्रेनचा लांब हात खाली घेतला अन् ती वळवली.

बबनभाऊ मागे धावले, "अरे, भंगारवाले से एडवांस लिया है, मशीन तो ले जा!"

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ये मशीन ला ले जाहूं त अगला पिन कोन बनाही, भैया?"