तिचं पोट दुखतंय

खोगिराचा तंग पोटाखाली आवळताच तांबड्या घोडीनं कान पाडून पोटाकडे मान वळवली, दात करकर वाजवू लागली.

"नखरेल आहे, डॉक्टरसाहेब," ट्रेनर हसला.

हाच शब्द मी उमेदीच्या काळात कितीतरी घोड्यांना लावला. शर्यतीआधी वैरण काढून घ्यायची, हा आमचा रिवाज. घोड्याच्या पोटात आम्ल मात्र सतत झिरपतं. रिकाम्या जठराला ते आतून सोलून काढतं. व्रणांनी कळवळणाऱ्या मुक्या जिवाला आम्ही वाईट स्वभाव चिकटवला आणि मोकळे झालो.

"तंग सोड. गवत टाक तिच्यापुढे. औषध मी देतो."

"उद्या शर्यत आहे, साहेब! मालक मला फाडून खातील."

"म्हाताऱ्या डॉक्टरनं घोडी अडवली म्हणून सांग."

मी तबेल्याच्या दारातच खुर्ची टाकली. येऊ देत मालक.