ॲल्युमिनियमची पूड आणि माझं खोटं

आमच्या घरचं भात पावसाळ्याआधीच संपायचं. मग बाबा जंगलात मजुरीला जायचे आणि आई गणेशगुडीच्या एका लॉजवर झाडलोट करायची. त्यावरच मी बेळगावात बीएस्सीला होते.

एकदा प्रयोगशाळेत माझ्या हातून ॲल्युमिनियमची बारीक पूड टेबलावर सांडली. आमच्या मातीच्या घरात धूळ उडू नये म्हणून आई आधी पाणी शिंपडते, मग झाडते. मीही ओंजळीत पाणी घेतलं.

“अगं, थांब!” सर ओरडले. “पाणी लागलं की यातून हायड्रोजन सुटतो. ओली पूड डब्यात भरली आणि तो आत साठला तर भडका उडेल! कुणी शिकवलं तुला हे?”

सगळा वर्ग बघत होता. मी म्हटलं, “आमच्याकडं कामाला बाई हाय, सर. ती असंच करते.”

“मग त्या बाईला इथं घेऊन येऊ नकोस हं,” सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

सरांनी बर्नर आणि पंखे बंद करायला लावले. मऊ ब्रशनं, हळूहळू, मी पूड कोरड्या डब्यात गोळा केली. मान वर झाली नाही.

आईला हे सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. मी बीएस्सी झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच.