विकत घेतलेलं ठिगळ

पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत महाडच्या एका आर्किटेक्टकडे इंटर्नशिप केली. आमचं महाडचं घर त्याच सरांनी बांधलेलं. बाबांनी जेवता जेवता त्यांना फोन केला आणि माझं काम झालं. माझ्याबरोबर आणखी एक मुलगी होती. तिची वाडी पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. तिला या जागेसाठी सरांच्या ऑफिसात बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पगार दोघींनाही नव्हता. "अनुभव मिळेल," सर म्हणाले. मी मान डोलावली. तिनेही डोलावली. पण तिला पहाटेची एसटी पकडून, महाडला गाडी बदलून यावं लागे, आणि त्या तिकिटाचे पैसे मुंबईचा भाऊ पाठवायचा.

काम रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला होतं. जुन्या घरांची जोत्यापासून आढ्यापर्यंत मापं घ्यायची आणि नकाशे काढायचे. पहिल्या दिवशी ती मोरपंखी ड्रेस घालून आली. गळ्याला टिकल्या, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना, पायात टाचांच्या सँडल. मुंबईच्या वहिनीने खास या कामासाठी तो ड्रेस पाठवला होता. माझ्या अंगावर पुण्यातल्या एका महागड्या दुकानातली विटकी पँट होती. गुडघ्यावरचं ठिगळ दुकानातूनच लावून आलेलं. शर्टाच्या बाह्यांचे दोरेही मुद्दाम सुटे ठेवलेले.

सरांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आपण साइटवर आलोय, लग्नाला नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडे बघ. साधेपणा म्हणतात तो हा."

तिने ओढणी कमरेला खोचली आणि टेपचं टोक हातात घेतलं. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हे लिहिताना आजही लाज वाटते.

दुपारी सर महाडला परतायचे आणि आम्ही दोघी रस्त्याकडेच्या एका छोट्या खानावळीत जेवायचो. ती चालवणाऱ्या मावशी माझ्या ताटात न मागता एक जास्तीची भाकरी टाकायच्या. "खा गो, लाजू नको." मला वाटायचं, मी त्यांना आवडले. एकदा मी मागच्या बाजूला हात धुवायला गेले होते. परत येताना मावशींचा आवाज कानावर आला.

"तुझी मैत्रीण लय गरिबाघरची हाय काय गो? बापूस हाय ना तिला?"

"हाय मावशी," ती म्हणाली आणि पुढचा घास मोडला.

बाहेर पडल्यावर मी तिला विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? ती पँट माझ्या अख्ख्या कपाटापेक्षा महाग हाय, असं?"

ती हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी मावशींना मीच सांगू शकले असते. सांगितलं नाही. भाकरी येत राहिली, मी खात राहिले.

मग एके दिवशी मावशींनी पिशवीतून एक गुलाबी ड्रेस काढून माझ्या मांडीवर ठेवला. "लेकीला घेतला होता. तिला आखूड होतो. तुला होईल." त्याला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती.

"नको मावशी, आहेत मला कपडे."

"दिसतात की मला," माझ्या गुडघ्याकडे बघत त्या म्हणाल्या.

मी तो घेतला. न घेण्याचं कारण सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"आता घाल हो उद्या," एसटीत ती म्हणाली. "नायतर त्यांना वाईट वाटेल."

मी घातला. त्याच्याही गळ्याला टिकल्या होत्या. सरांनी बघितलं मात्र, "अरे वा! आज एकदम वेगळा लुक!" म्हणत मोबाइल काढून माझा फोटो घेतला. टेपचं दुसरं टोक धरून ती समोरच उभी होती. सर गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुझा तो लुक. माझं ते लग्न." रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. पण ती रागावली नव्हती. तिने माप वाचलं आणि मी ते लिहून घेतलं.

शेवटच्या आठवड्यात बाबा पाहुण्यांना रायगड दाखवायला घेऊन आले आणि परतताना मला न्यायला खानावळीपाशी थांबले. गाडी मोठी, पांढरी. बाबा हात जोडून म्हणाले, "मावशी, आमची लेक तुमच्या भाकरीचं फार कौतुक करते." मावशींनी पदराला हात पुसले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मागे रेंगाळले.

"मावशी, मला सांगायचं होतं..."

"असूं दे."

"ड्रेस धुऊन आणून देते."

"अंगाला लावलेला परत नाय घेत आम्ही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या ताटात भाकरी वाढली. "घे गो." माझ्यापाशी येऊन त्यांनी विचारलं, "तुम्हाला अजून काय देऊ मॅडम?" त्यात टोमणा नव्हता. मॅडमशी बोलतात तशा त्या बोलत होत्या. पोट भरलंय म्हणून मी उठले.

शेवटच्या दिवशी सरांनी महाडच्या ऑफिसात दोघींना सर्टिफिकेटं दिली. मग मला विचारलं, "पुढच्या सुट्टीत येतेस ना?" तिला विचारलं नाही. ती माझ्या शेजारीच उभी होती. 'हिलाही बोलवा' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. आले नव्हते. मी "हो सर" म्हणाले.

आम्ही दोघी महाडच्या स्टँडपर्यंत चालत गेलो. पोलादपूरची गाडी लागलेलीच होती. तिने खिडकीतून हात केला. गाडी वळेपर्यंत मी थांबले आणि मग बाबांना फोन लावला, न्यायला या म्हणून.